मत आणि श्रद्धा

'माझे असे मत आहे' आणि 'माझी अशी श्रद्धा आहे' ही दोन वाक्ये आपल्या नित्याच्या बोलण्यात इतक्या सहजपणे एकमेकांची जागा घेतात, की त्यांत काही भेद असेल अशी शंका बोलणाऱ्यास येत नाही आणि ऐकणाऱ्यासही येत नाही. यंदा पाऊस लांबणार, अमुक पक्ष निवडून येणार, पलीकडच्या गावचे लोक भांडखोर, परमेश्वर दयाळू आहे, सत्याचा अखेर जय होतो, ही सारी विधाने आपण एकाच सुरात करीत असतो. भेद ध्यानात येतो तो ती खोटी ठरू लागतात तेव्हा. पावसाविषयीचे भाकीत चुकले तर मनुष्य हसून सोडून देतो. परंतु सत्याचा जय होत नाही असे एखाद्या दारुण प्रसंगी त्याच्या प्रत्ययास आले, तर त्याच्या पायांखालची भूमी हलते. पहिल्या विधानात त्याने काही गुंतविलेले नव्हते. दुसऱ्यात त्याने आपले जगणे गुंतविलेले असते.

या दोन वस्तूंची गल्लत हे मनुष्यजातीच्या पुष्कळ दुःखांचे एक मूळ आहे, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. त्याविषयीचे माझे विचार वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मताचा विचार करू. 'मत' या शब्दाची आपल्या भाषेतील व्याप्ती मोठी आहे. एखाद्याचा अभिप्राय हे मत, 'बौद्ध मत', 'जैन मत' असे म्हणताना पंथाचा सिद्धान्त हेही मत, आणि निवडणुकीच्या पेटीत टाकावयाची चिठी हेही मतच. या तिन्ही अर्थांत एक समान धागा आहे. मत मांडता येते, त्याच्या विरुद्ध मत मांडता येते, आणि प्रसंग पडल्यास ते मोजताही येते. गोमंतकीय वाचकांस १६ जानेवारी १९६७ या दिवसाची आठवण करून देण्याचे कारण नाही. त्या दिवशीच्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. 'दोन पाने' आणि 'फूल' या दोन चिन्हांभोवती एकाच वाड्यावरचे, पुष्कळदा एकाच घरातले लोक परस्परांविरुद्ध उभे होते. मोजणी झाली आणि प्रश्नाचा निकाल लागला. परंतु त्या मोजणीने कोणाचे आपल्या भाषेवरील प्रेम मोजले गेले काय? आईशी कोकणीत बोलणारा आणि संध्याकाळी मराठीत ज्ञानेश्वरी उघडून बसणारा मनुष्य दोन्ही बाजूंस होता. त्याचे मत एका रकान्यात पडले. त्याची श्रद्धा कोणत्याच रकान्यात मावण्याजोगी नव्हती.

मत बदलते, हा त्याचा दोष समजण्याचा प्रघात आहे. मला तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नवा पुरावा पुढे आला असता जे मत बदलत नाही, ते मत या नावासच पात्र राहत नाही. त्याला हट्ट म्हणावे, अभिमान म्हणावा, किंवा सवय म्हणावी. तथापि मताला आणखी एक लक्षण आहे. ते बहुधा स्वस्त असते. चहाचा पेला हाती घेऊन अर्ध्या घटकेत दहा विषयांवर दहा मते देता येतात, आणि त्यांतील एकाचीही किंमत देणाऱ्यास मोजावी लागत नाही.

श्रद्धेची गोष्ट निराळी आहे. 'श्रद्धा' या शब्दातील 'श्रत्' या अंशाचा अर्थ प्राचीन निघंटूने 'सत्य' असा मानला आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'हृदय' या अर्थाच्या मूळ शब्दाशी जोडतात. म्हणजे एका व्युत्पत्तीप्रमाणे श्रद्धा म्हणजे सत्याच्या ठिकाणी स्वतःस ठेवणे आणि दुसरीप्रमाणे हृदय एखाद्या ठिकाणी ठेवणे. या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दोन्ही अर्थांत 'ठेवणे' ही क्रिया आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. श्रद्धा ही मनात बाळगलेली केवळ एक समजूत नसून ते एक कृत्य आहे. जो काही ठेवतो, तो ते परत न मिळण्याचा धोका पत्करतो.

हे सारे हवेतील बोलणे होऊ नये, म्हणून एका थोर गोमंतकीयाचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवतो. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण अगदी बेताचे. नारळाच्या बागायतीची व्यवस्था पाहण्यात तारुण्याची पहिली वर्षे गेली. मराठीतून मिळेल ते वाचीत असता बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि या महापुरुषाचा धर्म समजून घ्यावयाचाच, या एका विचाराने त्यांना घेरले. बौद्ध धर्म शिकवील असा मनुष्य त्या काळी गोव्यात कोठून मिळणार? १८९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत, कधी अन्नछत्रात जेवीत, कधी मैलच्या मैल पायी चालत ते अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले आणि तेथे त्यांनी पालि भाषेचा अभ्यास केला. पुढे हा मनुष्य हार्वर्ड विद्यापीठात ग्रंथसंपादनासाठी एकाहून अधिक वेळा गेला. मध्यंतरी कलकत्त्याच्या विद्यापीठातील चांगली नोकरी सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे वेतन त्यांनी पत्करले, कारण त्यायोगे त्यांना महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांत आपल्या भाषेतून काम करता येणार होते.

या चरित्रातील श्रद्धा कोणासही दिसेल. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्या श्रद्धेच्या पोटात राहिलेली मतांची निर्भयता. बुद्धावर ज्याने आयुष्य ओवाळून टाकले, त्याने बुद्धाविषयीची प्रत्येक कथा डोळे मिटून स्वीकारली असेल, असे आपणांस साहजिकच वाटेल. घडले ते उलट. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांना पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही जगभर प्रसिद्ध असलेली हृदयंगम कथा ऐतिहासिक नाही, असे 'भगवान बुद्ध' या १९४० सालच्या ग्रंथाचा हा कर्ता जुन्या पालि सूत्रांच्या आधारे सांगतो. शाक्य आणि कोलिय यांच्यामधील रोहिणी नदीच्या पाण्याचे तंटे आणि शस्त्र धारण करणाऱ्या लोकांचा तो कलह पाहून आलेला उद्वेग, यांकडे तो आपले लक्ष वळवितो. एखाद्या भाविकास यात अपचार वाटेल. कोसंबींस तसे वाटले नाही. बुद्धाच्या ठायी त्यांनी जे ठेवले होते, ते त्या कथेवर अवलंबून नव्हते. त्यामुळे कथा तपासावयास त्यांचे हात मोकळे राहिले.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. प्राचीन काळी श्रमण मांसाहार करीत, आणि त्यांत जैन श्रमणही होते, असे मत त्यांनी ग्रंथाधाराने मांडले. त्यावरून जैन समाजातील अनेक लोक त्यांच्यावर संतापले आणि मोठा वाद माजला. परंतु ज्या परंपरेच्या इतिहासाविषयी त्यांचे मत त्या परंपरेच्या अनुयायांना इतके झोंबले, तिच्याच पार्श्वनाथाने सांगितलेल्या अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह या चार यामांत त्यांना साऱ्या मानवजातीच्या उद्धाराचा मार्ग दिसला. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला तोही त्या परंपरेस अनुसरून, अन्नत्याग करून. गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी तो संकल्प पूर्वी एकदा मागे घेतला होता. या शेवटच्या कृतीविषयी आपले मत त्यांच्याहून वेगळे असू शकेल. माझे आहे. देह जोवर दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची शक्यता आहे, तोवर तो आपण होऊन ठेवू नये, असे मला वाटते. पण माझा मतभेद त्यांच्या श्रद्धेपर्यंत पोहोचत नाही, हेही मला स्पष्ट दिसते.

त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गणितज्ञ म्हणून ख्याती पावलेल्या या पंडिताने मार्क्सच्या विचारपद्धतीने भारताच्या इतिहासाची मांडणी केली. १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ या क्षेत्रात नवे युग सुरू करणारा मानला जातो. धर्मसंस्थेविषयी पितापुत्रांची मते कितीतरी दूर होती. पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत, अश्मयुगातील दगडी हत्यारांचे बारीक तुकडे वेचीत, खेड्यातल्या देवतांची चौकशी करीत हिंडणारा मुलगा, आणि पालि ग्रंथांसाठी काशी, नेपाळ, सिंहल असा हिंडलेला बाप, यांच्या चालण्याची जात एकच होती. सत्य जेथे असेल तेथे आपण चालत जावयाचे आणि ते जसे सापडेल तसे सांगावयाचे, हा वारसा मतांच्या वाटणीत हरवला नाही.

या ठिकाणी विचारी वाचक एक शंका काढील. श्रद्धेचे एवढे गोडवे गाता, पण जगात श्रद्धेच्या नावावर जेवढे रक्त सांडले, तेवढे दुसऱ्या कशाच्या नावावर सांडले? शंका रास्त आहे. गोव्याच्या भूमीवर लिहिणाऱ्यास तर ती टाळताच येणार नाही. येथे १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली ती या काळाच्या आरंभीच्या धामधुमीत. जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांच्या अंगणात तुळस आहे काय, त्यांच्या घरी भात मिठावाचून शिजतो काय, लग्नात जुनी गाणी म्हटली जातात काय, याची चौकशी होऊ लागली. १७३६ च्या जाहीरनाम्यात असल्या निषिद्ध गोष्टींची लांबलचक यादीच दिलेली आहे.

हा श्रद्धेचा अतिरेक होता, असे सामान्यतः म्हटले जाते. मला ते पटत नाही. तुळशीचे रोप आणि भातातील मीठ यांची ज्यांना धास्ती वाटते, त्यांची श्रद्धा फार झाली असे म्हणण्यापेक्षा ती फार थोडी होती असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. त्यांच्यापाशी होते ते मत, आणि त्या मताला दंडसत्तेची जोड होती. मत बदलू शकते हे मनातून ठाऊक असल्यामुळेच मतवाला भितो, आणि भिणाऱ्याच्या हाती सत्ता आली म्हणजे तो दुसऱ्याचे घर धुंडाळू लागतो. त्याच शतकांत त्याच ख्रिस्ती धर्माची खरी श्रद्धाही या भूमीत नांदत होती, हे विसरून चालणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट येथे येऊन येथील लोकांची भाषा शिकला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत त्याने ख्रिस्ताचे चरित्र गाइले. १६१६ साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आजही आपल्या पाठ्यपुस्तकांतून मुले वाचतात. इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्यास लोकांची भाषा संशयास्पद वाटत होती. स्टीफन्सने तीच आपल्या देवाच्या पायांशी ठेवली.

सामान्य लोकांनी तर या साऱ्या प्रकरणाला आपल्या परीने उत्तर दिले आहे. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असे तेथील हिंदू मानतात आणि ख्रिस्तीही मानतात. उत्सवाच्या वेळी एकीकडून तेल जाते आणि दुसरीकडून फुले येतात. धर्मशास्त्री मंडळींस विचारावे, तर हे नाते दोन्हीकडच्या शास्त्रांत बसणार नाही. मतांच्या दृष्टीने ते अशक्य आहे. परंतु तेलाचा गडवा नेणाऱ्यास ते अशक्य आहे हे कोणी सांगितलेले नाही, किंवा सांगितले असल्यास त्याने ते मनावर घेतलेले नाही.

तरीही मूळ शंका पुरती फिटत नाही. खरी श्रद्धा ओळखावी कशी? ती आपल्या धन्याकडून किंमत मागते, असे वर म्हटले. पण धर्मवेडा मनुष्यही प्राण द्यावयास सिद्ध असतो. मग त्यालाही श्रद्धावान म्हणावयाचे काय? शिवाय श्रद्धेची किंमत दर वेळी ज्याची त्यालाच मोजावी लागते असेही नाही. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांच्यामागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. पुढे परतल्यावर त्यांनी संसार पुन्हा हाती घेतला हे खरे, पण मधल्या वर्षांचे देणे त्या बाईने दिले, आणि तिला तिचे मत कोणी विचारले नव्हते. थोरांच्या चरित्रांत अशा देण्याचा जमाखर्च क्वचितच मांडलेला असतो. तो मांडला पाहिजे. त्याने चरित्रनायकाची उंची कमी होत नाही. उंचीचा पाया कोणी उचलून धरला होता, एवढेच कळते.

ओळखीची एक खूण धर्मानंदांनी आयुष्यभर ज्याच्यावर काम केले त्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात सापडते. पाचव्या शतकातील बुद्धघोषाचार्य तेथे असा विचार मांडतात, की श्रद्धा आणि प्रज्ञा या दोहोंचा तोल राखला पाहिजे. ज्याची श्रद्धा बळकट पण प्रज्ञा दुबळी, तो नको तेथे विश्वास टाकतो. ज्याची प्रज्ञा बळकट पण श्रद्धा दुबळी, तो लबाडीकडे झुकतो, आणि औषधानेच जडलेल्या रोगाप्रमाणे त्याचा विकार बरा होणे कठीण जाते. या विवेचनातला दुसरा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. आपण भोळ्या भाविकास नेहमी हसतो. परंतु सर्व काही तपासून, कशातच स्वतःस न गुंतविता, प्रत्येक बाजूचे युक्तिवाद मुखोद्गत करून बसलेला चतुर मनुष्य हा दुसऱ्या प्रकारचा रोगी आहे, आणि आजच्या काळात त्याची संख्या लहान नाही.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे. जी श्रद्धा प्रश्न ऐकून घेऊ शकते, ती श्रद्धा. जी प्रश्न विचारणाऱ्याकडे शत्रू म्हणून पाहते, ते श्रद्धेची वस्त्रे ल्यालेले मत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. २०१५ साली कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि धारवाडात प्रा. एम. एम. कलबुर्गी यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची सर्व मते मान्य असण्याची आवश्यकता नाही. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नांनी खऱ्या श्रद्धेचे एक पानही हलले नसते. ज्यांना गोपाळ गणेश आगरकर आठवतात, त्यांना हेही आठवेल, की देवाधर्माविषयी संशय बाळगणाऱ्या या सुधारकाने आपली जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा पाहिली, गरिबीत दिवस काढले, आणि वयाच्या चाळिशीपूर्वी, १८९५ साली, देह ठेवला तरी आपले लिहिणे सोडले नाही. आगरकरांना अश्रद्ध म्हणावयाचे असेल, तर श्रद्धा या शब्दाला काही अर्थ उरणार नाही. विवेकाच्या ठायी त्यांनी आपले सर्वस्व ठेवले होते.

आता अखेरचा आणि सर्वांत मोठा प्रश्न. मानवी जीविताचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा मतांच्या बाजारात शोधतो. कोणी म्हणतो मोक्ष, कोणी म्हणतो सेवा, कोणी म्हणतो सुख, आणि कोणी म्हणतो की अर्थच नाही. ही सारी मते आहेत. ती ऐकावीत, तोलावीत. परंतु एखाद्याने यांतील सर्वोत्तम मत पाठ केले, तरी त्याच्या जीविताला तेवढ्याने अर्थ येत नाही, असा अनुभव आहे.

गोव्याच्या खाजण जमिनींकडे पाहावे. समुद्राच्या भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले, त्यांत पाणी आत-बाहेर सोडण्यासाठी लाकडी दारांचे मानस बसविलेले. ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. पहिला बांध कोणी घातला त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. भरती रोज दोनदा येते आणि खेकडे बांध पोखरीत राहतात, म्हणून दर पिढीला तो दुरुस्त करावा लागतो. चिखलात उभे राहून भगदाड बुजविणाऱ्या मनुष्याला जीविताचा अर्थ विचारला, तर त्याला सांगता येणार नाही. पण आपल्यामागे येथे कोणी तरी भात लावील, ते आपले पोर असेल किंवा नसेल, यावर त्याने आपले श्रम ठेवलेले आहेत. ज्या ठिकाणी लोकांनी हे ठेवणे सोडले, तेथे बांध फुटले आणि शेतात खारे पाणी उभे राहिले. अर्थ असा असतो. तो सापडत नाही, राखावा लागतो.

म्हणून माझ्यापुरते मी असे मानतो, की मते शक्य तितकी हलकी ठेवावीत, म्हणजे ती खाली ठेवणे जड जाणार नाही. श्रद्धा थोड्या असाव्यात, आणि ज्या असतील त्यांच्यासाठी काही द्यावयाची तयारी असावी. ते देणे आपल्या खिशातून जाते की घरातल्या दुसऱ्या कोणाच्या, हे अधूनमधून तपासून पाहावे. आणि समोरच्याचे मत आपल्यास पटले नाही, तर त्याने आपले हृदय कोठे ठेवले आहे ते विचारावे. पुष्कळदा ते आपल्या हृदयाच्या शेजारीच ठेवलेले आढळते. जेथे आढळत नाही, तेथेही निदान भांडण कशाविषयी आहे ते कळते, आणि तेवढे कळले तरी माणसे एकमेकांच्या अंगणातील तुळस मोजीत नाहीत.